सातवा विडा

विलायतेत वरच्या अंगाला लोकरीच्या गिरण्यांचं एक गाव आहे. त्याचं नाव मला कधी घेता आलं नाही, आणि ज्यांनी मला त्या गावाच्या गोष्टी सांगितल्या त्या आमच्या हवालदारांनाही ते येत नव्हतं. ते 'धुराचं गाव' म्हणायचे. मी तोवर रहिमतपूरच्या पुढं फारसा गेलो नव्हतो, पण धुराच्या गावचे तेरा गडी मला माझ्या भावकीपेक्षा जास्त ठाऊक होते. कोण कोळशाच्या खाणीत होता, कोण गिरणीत, कुणाचं नाक कुठल्या सामन्यात मोडलं, सगळं पाठ. त्या तेरा जणांनी माझं घर बुडवलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत फिरलो. दोष परक्याच्या दारात टाकायला सोपा असतो.

हवालदार पहिल्या लढाईतून धडधाकट परत आले आणि त्यांच्या साहेबानं त्यांना चाकरीला म्हणून विलायतेला नेलं. साहेबाच्या बापाची त्या गावात गिरणी होती. भाद्रपदापासून वैशाखापर्यंत हवालदार तिथं राहिले. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार त्यांना खेळ बघायला घेऊन जायचे. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो काखेत धरायचा आणि समोरच्या तेरा जणांच्या अंगावर धावून जायचं. त्यांनी पाडलं की उठायचं, चेंडू भुईवर ठेवायचा, टाचेनं मागं सारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. चिखल असा की अर्ध्या खेळानंतर कोण कुणाचा ते कळत नसे.

"आपली हुतूतूच म्हना की," हवालदार सांगायचे. "फकस्त दम धराय लागत न्हाई, आन् चेंडू सांभाळाय लागतो."

त्या हंगामात धुराचं गाव हरतच गेलं. ऐन थंडीत निम्मे गडी जायबंदी झाले आणि एका शनिवारी तेरा भरेनात. तेव्हा बघ्यांतला एक कामगार कोट काढून, टोपी शेजाऱ्याच्या हातात देऊन आत उतरला. त्याचा भाऊ आधीच आत होता. गाव त्या दिवशीही सपाटून हरलं, पण तेरा भरले. हवालदारांची गोष्ट दर वेळी इथंच संपायची, आणि दर वेळी ते एकच बोलायचे, "हराय लाज न्हाई रं. गडी कमी पडाय लाज हाय."

मी चोवीस वर्षांचा होतो, गावच्या हुतूतूच्या संघाचा पुढारी होतो, आणि मला ते वाक्य देवाच्या वाक्यासारखं वाटायचं.

आमचा हंगाम यात्रांवर चालायचा. माघात पहिली यात्रा, चैत्राच्या शेवटी शेवटची. ज्या गावची यात्रा, तिथला माणूस आठ दिवस आधी ताट घेऊन यायचा. ताटात सात विडे. मारुतीच्या देवळासमोर सात गड्यांनी एकेक उचलायचा आणि लोकांदेखत तिथंच खायचा. खाल्ला की सामना ठरला. एक जरी विडा ताटात राहिला तर ताट तसंच परत जायचं, आणि ज्या गावातून ताट परत गेलं त्या गावाकडं पुन्हा कुणी ताट धाडत नसे. आमच्या शेजारच्या एका गावाचं असं झालं होतं. तिथला माणूस बाजारात दिसला की आम्ही 'या, उरलेसुरले' म्हणून हाक मारायचो. तो मान खाली घालून जायचा आणि आम्हांला मोठी मौज वाटायची.

दुसरी लढाई ऐन भरात होती त्या सालची ही गोष्ट. हवालदारांनी त्या हिवाळ्यात नदीच्या वाळूत आम्हांला धुराच्या गावची पकड शिकवली. आमच्याकडं चढाईला आलेल्या गड्याचा हात नाहीतर कंबर धरायची रीत. हवालदार म्हणाले, "हात सोड. खांदा त्याच्या मांडीत घाल, गाल ढुंगनाला लाव, आन् दोनी हातांचं कुलूप घाल." पहिले चार दिवस आम्ही हसून हसून पडलो. पाचव्या दिवसापासून माणसं पडायला लागली. माघातली पहिली यात्रा आम्ही जिंकली. पुढच्या यात्रेत वडूजकडच्या गड्यांना तर काय होतंय तेच कळलं नाही. ते बिचारे हात सोडवायच्या तयारीत आत यायचे आणि आम्ही त्यांना मुळासकट उपटायचो.

पण त्या साली दर यात्रेत आणखी एक माणूस असायचा. भरतीचा जमादार. पिकल्या मिशांचा, गोड बोलणारा, कोटाच्या खिशात मोजायची फीत. हुतूतूचा गडी उघड्या अंगानं खेळतो. छाती किती, दम किती, पाय कसे, सगळं आयतं दिसतं. तालुक्याच्या गावी दिवसभर बसून त्याला जे कळलं नसतं ते हलगीच्या तालावर अर्ध्या घटकेत कळायचं. सामना संपला की तो जिंकलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारायचा, आईबापांची चौकशी करायचा आणि सहज फीत काढायचा. जबरदस्ती कसली नव्हती. जिंकल्याचा गुलाल अंगावर असताना हजार माणसांसमोर 'मला भीती वाटते' म्हणायला कोण तयार होईल? पहिल्या यात्रेनंतर दोघे गेले. वडूजनंतर तिघे. आम्ही जितकं जिंकायचो तितकं रिकामं व्हायचो. मी रिकाम्या जागी कुणालाही उभं करत गेलो. गावचा न्हावी आला, देवळाचा गुरव आला, चाळिशीतला एक चुलता आला, त्याला धावताना हातातलं धोतर सोडवेना. तरी दर वेळी सात भरले, आणि मी त्यावर खूश होतो. माझी अक्कल तेव्हा एवढीच होती.

आमच्या घरात तेव्हा आई, मी आणि धाकटा असे तिघं होतो. वडील मी लहान असतानाच गेले. थोरला भाऊ फौजेत होता, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. आदल्या पावसाळ्यात आफ्रिकेच्या वाळवंटात तो बेपत्ता झाल्याची तार आली. मेला असं नाही, जिवंत असंही नाही. आई त्याचं पान वाढून ठेवायची, मग तेच स्वतः जेवायची. माझा डावा कोपर लहानपणी झाडावरून पडून मोडलेला आणि वाकडा बसलेला. भरतीला गेलो तेव्हा डॉक्टरनं माझ्याकडं धड बघितलंही नाही, हात वर करायला सांगितलं आणि पुढचा माणूस बोलावला. राहता राहिला धाकटा. एकोणीस वर्षांचा, अबोल, गुऱ्हाळावर काहील एकटा हलवणारा. घरात धड असं तेच एक माणूस होतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच, भरतीचे लोक यात्रांत फिरणार असं कानावर येताच, आईनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं, "तू खेळ. त्याला नगंस नेऊ. त्याची छाती लोकांफुडं उघडी करू नगंस."

मी कबूल झालो. तीन महिने पाळलंही. धाकटा सरावाला वाळूत यायचा, कुणालाही आडवा करायचा, पण ताट आलं की मळ्यात निघून जायचा. त्याला खेळायचं होतं हे मला दिसत होतं. तो बोलला मात्र नाही.

चैत्रातली शेवटची यात्रा कृष्णेकाठच्या, सांगलीकडच्या एका मोठ्या गावची. तिथलं ताट आलं तेव्हा आमच्याकडं सहाच जण होते. सगळं गाव देवळासमोर जमलं होतं. सहा हात पुढं आले, सहा विडे उचलले गेले. सातवा तसाच राहिला. ताट धरणारा म्हातारा नुसता उभा राहिला. पान उन्हानं सुकायला लागलं. हवालदार माझ्याकडं बघत होते. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "उरलेसुरले," आणि दोघंतिघं हसले.

धाकटा त्या दिवशी मळ्यात गेला नव्हता. पाराच्या कडेला उभा होता. त्याच्या मनात काय होतं ते मी विचारलंच नाही. मी विडा उचलला, गर्दीतून त्याच्यापाशी गेलो आणि त्याच्या हातात कोंबला. त्यानं एकदा घराच्या दिशेनं बघितलं आणि तोंडात घातला.

आईला कळायला वेळ लागला नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "विडा खाल्ला म्हंजे उतरावं लागंल. पर पयल्याच फेरीला बाद हो म्हनावं. बाद व्हयाला काय कष्ट पडत्यात? तोंड मिटलं की झालं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू सांग त्याला. तुजं ऐकतो त्यो."

मी शपथ घेतली. नुसती तोंडदेखली नव्हे. मला खरंच तेच हवं होतं. बैलगाडीतून जाताना वाटेत मी धाकट्याला सगळं समजावलं. त्याला अंगात बंडी घालायला लावली, म्हणजे छाती झाकलेली राहील. हुतूतूला बंडी घालून उतरणारा तो बहुधा पहिलाच गडी असेल. त्याला कोपऱ्यात उभा करीन, चढाईला धाडणार नाही, आणि धाडायची वेळच आली तर मध्येच दम सोड, असं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दम सोडायचा," तो म्हणाला. "बरं."

समोर जतकडचे धनगर होते. उंच, काटक, दिवसभर मेंढरांमागं चालून दम लांबलेले, आपसांत कानडीत बोलणारे. बंडी बघून ते हसले, कारण कापड म्हणजे पकडीला आयती मूठ. खेळ गामिनी होता. म्हणजे बाद झालेला गडी बाहेरच बसतो, कुणाला मारलं म्हणून परत जिवंत होत नाही. न्हावी बाद झाला. गुरव बाद झाला. चुलता धोतर सावरताना बाद झाला. आमच्या पकडीनं त्यांचेही तिघे गेले, पण मग मी चढाईला गेलो आणि वाकड्या हाताला धरून त्यांनी मला बसवलं. मी बाहेर, मधल्या रेघेच्या टोकाशी जाऊन बसलो. उरलेले दोघेही मागोमाग आले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. मी धाकट्याला कोपऱ्यात लपवला होता. लपवलेला गडी कुणाच्या हाती लागत नाही, म्हणून तोच शेवटी उरतो. आमच्या बाजूला आता तो एकटा उभा होता, समोर चौघे होते, आणि चढाई त्याची होती. जमादार पलीकडच्या बाजूला पहिल्या रांगेत येऊन उभा राहिला. लहान पोरसुद्धा करणार नाही असली चूक मी पुढारी म्हणून केली होती.

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवून खूण केली. त्यानं मान हलवली आणि दम धरून आत गेला.

तो फार आत गेला नाही. रेघेपासून चार पावलांवर उभा राहून हुतूतू घुमवत राहिला, धरा मला, असं सांगत असल्यासारखा. चौघं एकदम त्याच्यावर पडले. बंडी टरकन फाटली आणि त्याची छाती उघडी झाली. तो रेघेच्या दिशेनं पालथा पडला. दोन गडी पाठीवर, एकेक पायाला. त्याचा आवाज बारीक झाला होता पण तुटला नव्हता. त्याचं तोंड माझ्याकडं होतं, माझ्यापासून तीन हातांवर. उजवा हात रेघेपासून वीतभर लांब होता. त्याचे ओठ मिटायला लागले ते मी बघितलं. कबूल केल्याप्रमाणं तो दम सोडत होता. आणखी एक क्षण, आणि तो बाद होऊन माझ्या शेजारी येऊन बसला असता, आणि आम्ही हरून, धूळ झटकून, गाडीत बसून घरी आलो असतो.

आणि मी ओरडलो. "वढ गड्या! रेघ! हात टाक!"

हे मी का केलं, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. हवालदारांचं गाव त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. आई नव्हती, जमादार नव्हता. वीतभर अंतर दिसत होतं, बस्स. हुतूतूत वाढलेल्या कुठल्याही माणसाच्या तोंडून ते निघालं असतं, असं मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. पण इतर कुणी शपथ घेतली नव्हती.

धाकट्याचे मिटणारे ओठ पुन्हा उघडले. चारी गडी अंगावर घेऊन तो सरकला आणि त्याची बोटं रेघेवर पडली. चौघे बाद, लोण चढला, सामना आमचा. हलगी कडाडली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि मी, मीसुद्धा नाचलो. तेही लिहिलं पाहिजे.

गुलाल खाली बसायच्या आत जमादार पोचला. फीत छातीभोवती पुरली नाही असं गावात नंतर सांगत. तसं काही नव्हतं, फीत पुरली. मग त्यानं विचारलं, "घरात वडील मानूस कोन?" धाकट्यानं माझ्याकडं बोट केलं. जमादार हात जोडून मला म्हणाला, "काय म्हन्ता पाव्हनं? देता का पोरगं?"

हजारभर माणसं माझ्याकडं बघत होती. मी काहीच बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, आमच्याकडं पोरीची सोयरीकसुद्धा यावर ठरते.

परतताना धाकटा गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता. तिथूनच म्हणाला, "दादा, मी सोडतच हुतो. तुजा आवाज आला." त्यात तक्रार नव्हती. झालं ते सांगत होता. मी बैलांची शेपटी पिळली.

आईला मी सांगितलं की त्याचा दम लांब होता, त्याला सोडता आला नाही, ऐन वेळी पोरगं इरेला पेटलं. माझ्या आवाजाचा भाग मी गाळला. तिनं आठव्या दिवशी त्याला शिदोरी बांधून दिली आणि स्टेशनपर्यंत चालत गेली.

सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं. चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर मोठं मोठं. ओसरीवर आईला वाचून दाखवू लागलो. थंडी लय आहे, जेवण बरं आहे, बैलाच्या खुराचं काय झालं, अण्णाची काही खबर आली का. मग मध्ये एक ओळ होती. 'त्या दिवशी दादा वरडला म्हणून माझा हात रेघेवर पडला, हे मी इथं सगळ्यांना सांगतो, आणि ते आठवलं की लय बरं वाटतं.' मी तिथं थांबलो, खोकलो आणि ती ओळ सोडून पुढची वाचली. आईनं पत्र घेऊन देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागं ठेवलं.

त्याची तार पुढल्या थंडीत आली. इटली नावाच्या मुलखात, एका नदीच्या काठावर. या वेळी बेपत्ता नव्हता.

त्यानंतर एकदा मी हवालदारांच्या दारात गेलो. भांडायलाच गेलो होतो. विचारलं, "त्यो कोट काढून उतरलेला मानूस. त्याचं फुडं काय झालं?"

त्यांनी हातातली सुपारी कातरून घेतली. "मांडीचं हाड मोडलं त्याचं त्याच दिशी," ते म्हणाले. "गिरनीनं कामावरनं काढला. ल्हान पोरं हुती. त्ये मी तुमाला कवाच सांगितलं न्हाई." मग म्हणाले, "सांगाय पायजे हुतं."

मी भांडलो नाही. ते पुढं फार जगलेही नाहीत. पुढच्या माघात ताट आलं तेव्हा देवळासमोर कुणीच हात पुढं केला नाही आणि सातच्या सात विडे परत गेले. आम्ही उरलेसुरले झालो. मला त्याचं काही वाटलं नाही.

आई आणखी चौदा वर्षं जगली. थोरला लढाई संपल्यावर कैदेतून सुटून आला, एका पायानं लंगडत, पण आला. त्याचं लग्न झालं, माझं झालं, घर भरलं. आई रोज माझ्या ताटात पहिली भाकरी वाढायची आणि धाकट्याचं नाव कधी काढायची नाही. मी मनात म्हणायचो, तिला ठाऊक नाही ते बरं आहे.

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी तिच्यापाशी मी एकटाच बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "आई, त्या दिशी मी वरडलो हुतो. त्यो दम सोडत हुता, आन् मी वरडलो."

"ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं वातात बोलतेय. मग तिनं डोळे उघडले. "पत्र वाचताना तू मधीच थांबलास. दुसऱ्या दिशी मास्तराकडनं वाचून घेतलं मी."

म्हणजे एवढी सगळी वर्षं तिला ठाऊक होतं. मी तिचे पाय धरले. ती ते सोडवून घ्यायला बघत होती, पण तेवढी ताकद तिच्यात नव्हती.

"तुजा राग आला हुता," ती म्हणाली. "लय आला हुता. त्यो राग कवाच गेला. पर माज्या पोराला बरं वाटत हुतं, असं लिवलं हुतं त्येनं. त्येवढं तरी मला तुज्या तोंडानं ऐकवायचंस."

मी उठलो, तसबिरीमागून पत्र काढलं. घड्यांवर फाटत आलं होतं. तिच्या उशाशी बसून ती ओळ वाचली.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच."